कोलोनचे स्वातंत्र्य एका लढाईत मिळाले नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतला जर्मनीतील कोलोन शहरावरचा प्रवासलेख वाचला. तिथल्या कॅथेड्रलचे वर्णन फार चांगले उतरले आहे. मात्र शहराच्या इतिहासाला लेखात एकच वाक्य मिळाले आहे : १२८८ साली वोरिंगेनच्या लढाईत आर्चबिशप हरला आणि कोलोनचे नागरिक स्वतंत्र झाले. लढाई झाली, आर्चबिशप हरला, हे खरेच. पण 'नागरिक स्वतंत्र झाले' म्हणजे नेमके कोण झाले, हा प्रश्न मला इतकी वर्षे इतिहास शिकवताना नेहमीच महत्त्वाचा वाटत आला आहे. म्हणून हे पत्र.

कोलोनचा आर्चबिशप नुसता धर्मगुरू नव्हता. शहराचा धनीही तोच होता. न्यायनिवाडा त्याचा, टांकसाळ त्याची, जकात त्याची. या धनीपणाविरुद्धचा पहिला मोठा उठाव वोरिंगेनच्या दोनशे वर्षे आधी, १०७४ च्या ईस्टरच्या सुमारास झाला. आर्चबिशप आन्नो दुसरा याच्याकडे म्युन्स्टरचे बिशप पाहुणे म्हणून आले होते. त्यांच्या परतीच्या प्रवासासाठी आन्नोच्या माणसांनी एका श्रीमंत व्यापाऱ्याची मालाने भरलेली नाव वेठीला धरली आणि माल उतरवण्याचा हुकूम सोडला. व्यापाऱ्याचा तरुण मुलगा आडवा आला, त्याच्यामागे त्याचे मित्र आले, आणि बघता बघता शहर पेटले. आन्नोला रातोरात पळून जावे लागले. काही दिवसांनी तो फौज घेऊन परतला. त्या मुलाचे आणि इतर काहींचे डोळे काढण्यात आले, आणि शेकडो व्यापारी शहर सोडून निघून गेले. हा वृत्तान्त हेर्सफेल्डच्या मठातील लाम्बर्ट या बखरकाराने लिहून ठेवला आहे. त्याचा ओढा आन्नोकडे होता, बंडखोरांबद्दल त्याला फारशी सहानुभूती नव्हती, तरीही नाव वेठीला धरल्याची गोष्ट त्याने गाळली नाही.

त्यानंतर कोलोनच्या नागरिकांनी शस्त्रांइतकाच भर तटबंदी, पैसा आणि कागद यांवर दिला. ११८० मध्ये त्यांनी आर्चबिशपला न जुमानता शहराभोवती नवा तट उभारायला घेतला. वाद सम्राट फ्रेडरिक बार्बारोसापर्यंत गेला. शेवटी नागरिकांनी आर्चबिशपला २,००० मार्क मोजले आणि तट राहिला. १२५८ मध्ये आर्चबिशप आणि शहर यांच्यातल्या तक्रारी लवादापुढे गेल्या. त्या लवादात थोर तत्त्वज्ञ आल्बर्टस माग्नुस हेही होते. पुढच्याच वर्षी शहराला असा हक्क मिळाला, की ऱ्हाइन नदीवरून माल घेऊन जाणाऱ्या परक्या व्यापाऱ्याने तो आधी कोलोनमध्ये उतरवून विक्रीला मांडला पाहिजे. कोलोनच्या श्रीमंतीचे मूळ बऱ्याच अंशी या हक्कात आहे.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. कॅथेड्रलची पायाभरणी करणारे म्हणून आपल्या लेखात ज्यांचे नाव आले आहे, त्याच आर्चबिशप कोनराड फोन होखश्टाडेन यांनी १२५९ मध्ये बड्या घराण्यांतल्या न्यायपंचांवर गैरकारभाराचा ठपका ठेवून त्यांना काढले आणि त्यांच्या जागी कारागीर मंडळींतली माणसे बसवली. त्यांना कारागिरांचा कळवळा आला होता असे मी म्हणणार नाही. शहरात दोन गट पडले तर धन्याचेच फावते. पण नागरिक म्हणून जे एकत्र दिसत होते त्यांच्यात मुळातच फट होती, हे यावरून कळते. काही वर्षांतच ती घराणी परत आली आणि कारागीर पुन्हा बाहेर फेकले गेले.

आता वोरिंगेन. ती लढाई मुळात कोलोनची नव्हतीच. लिम्बुर्गच्या डचीचा, म्हणजे ड्यूकच्या मुलखाचा, वारसा कोणाचा, यावरून ब्राबांटचा ड्यूक योहान पहिला एका बाजूला आणि गेल्डर्नचा काउंट दुसऱ्या बाजूला, असे ते भांडण. आर्चबिशप सीगफ्रीड फोन वेस्टरबुर्ग गेल्डर्नच्या बाजूने उतरले, तेव्हा कोलोनकरांनी आपल्याच धन्याविरुद्ध ब्राबांटची साथ धरली. वोरिंगेनला आर्चबिशपचा किल्ला होता आणि नदीवरच्या व्यापाराला तो सतत जाच करी; तो पाडायचाच, हा त्यांचा हेतू होता. ५ जून १२८८ रोजी आर्चबिशप रणांगणावर कैद झाले. बेर्गच्या काउंटने त्यांना वर्षभराहून अधिक काळ आपल्या गढीत डांबून ठेवले. (त्याच काउंटने त्याच वर्षी ड्युसेलडॉर्फ नावाच्या वस्तीला शहराचा दर्जा दिला.) यापुढे आर्चबिशपांचा मुक्काम ब्र्यूल आणि बॉनकडे सरकला. तरीही फाशीच्या शिक्षेपर्यंतचे गंभीर गुन्हे चालवणारे न्यायालय त्यांच्याच अखत्यारीत राहिले, आणि सम्राटाने कोलोनला मुक्त साम्राज्य-शहर (मधला धनी नसलेले, थेट सम्राटाच्या अधीन शहर) म्हणून रीतसर मान्यता दिली ती थेट १४७५ मध्ये.

आणि शहरात कारभार कोणाचा होता? मोजक्या बड्या घराण्यांचा. विणकरांनी १३७० मध्ये सत्तेत वाटा मिळवला. दुसऱ्याच वर्षी तो रक्तपाताने मोडून काढण्यात आला. जून १३९६ मध्ये मात्र कारागीर आणि व्यापारी संघांनी घराण्यांची सत्ता उलथवली आणि १४ सप्टेंबरला आपला करारनामा लिहून काढला. शहरातल्या लोकांची २२ संघांत विभागणी झाली. प्रत्येक नागरिकाने त्यांपैकी एका संघात असलेच पाहिजे, असा नियम झाला. ४९ जणांच्या नगरसभेतले ३६ या संघांनी निवडायचे आणि उरलेले १३ त्या छत्तिसांनी. ही घटना फ्रेंच सैन्य येईपर्यंत, म्हणजे जवळपास ४०० वर्षे टिकली. वोरिंगेनपासून या करारनाम्यापर्यंत १०८ वर्षे गेली. ती १०८ वर्षे एका वाक्यात गडप होतात, याचे मला वाईट वाटते.

करारनाम्यानेही सगळ्यांना सामावून घेतले नाही. सूत तयार करणाऱ्या स्त्रियांचा स्वतंत्र संघ १३९७ पासून आणि रेशीमकाम करणाऱ्यांचा १४३७ पासून मान्यताप्राप्त होता, पण नगरसभेत स्त्रीला जागा नव्हती. आणि १४२४ मध्ये याच नगरसभेने ज्यूंना शहराबाहेर काढले. त्यांची वस्ती नगरभवनाला अगदी लागून होती. त्यांच्या प्रार्थनास्थळाचे दोन वर्षांत नगरसभेचे चॅपेल झाले. ते लोक परतू शकले ते फ्रेंच अमदानीतच, अठराव्या शतकाच्या शेवटी. कोलोनच्या स्वातंत्र्याबद्दल मनापासून आदर असलेल्या माणसानेसुद्धा हे लपवू नये, असे मला वाटते.

माझी विनंती एवढीच, की या लेखमालेत कोलोन पुन्हा आले तर लेखकाने कॅथेड्रलपासून थोड्याच अंतरावर असलेल्या जुन्या नगरभवनाबद्दलही लिहावे. त्याचा उंच दगडी मनोरा १४०७ ते १४१४ या काळात बांधला गेला. तो कोणा आर्चबिशपाने बांधलेला नाही, जुन्या घराण्यांनीही नाही. १३९६ मध्ये जिंकलेल्या संघांच्या राजवटीने तो उभारला. कॅथेड्रलच्या मनोऱ्यांना पूर्ण व्हायला १८८० साल उजाडावे लागले. हा त्याआधी साडेचारशे वर्षे उभा होता.

कळावे,
आपला नियमित वाचक,
निवृत्त इतिहास शिक्षक, सांगली