चिमूटभर म्हणजे किती

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलताना निम्मं राहून जातं, आणि बाबा दोन वाक्यांनंतर "बरं, बरं" म्हणत फोन आईच्या हातात देतात. म्हणून बाबांना सीलिॲक असल्याचं निघाल्यावर आता घरात काय पाळायचं, ते आज सगळं लिहूनच काढते. दोघांनी एकत्र बसून वाचा.

बाबा, आधी तुमच्याशी. "चिमूटभराने काय होतंय" या तुमच्या प्रश्नाचा हिशोब सरळ मोजून करू. सीलिॲक म्हणजे गहू, बार्ली, राय यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होण्याचा आजार. तो असलेल्या बहुतेक माणसांना दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन सोसतं असं धरतात. रोज ५० मिलिग्रॅम असं तीन महिने पोटात गेलं, तर आतड्याच्या अस्तराला इजा होते हे तपासून पाहिलेलं आहे. आता ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये दोन ग्रॅमच्या आसपास, म्हणजे २००० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. त्या स्लाइसचे दोनशे तुकडे करा. त्यातला एक तुकडा म्हणजे तुमचा दिवसभराचा कोटा. लोण्याच्या डबीत सुरीबरोबर जाणारा चुराही एवढा सहज भरतो.

दुसरं तुमचं आवडतं वाक्य, "मला तर काहीच होत नाही." उतारवयात निदान झालेल्या पुष्कळांना जुलाब किंवा पोटदुखी असतेच असं नाही. रक्तात लोह कमी, हाडं ठिसूळ, सतत थकवा, एवढंच दिसतं. ग्लुटेनमधल्या प्रथिनाचे काही तुकडे आपल्या पाचकरसांनी तुटत नाहीत. सीलिॲकमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती त्या तुकड्यांवर चाल करून जाते, आणि त्या धुमश्चक्रीत लहान आतड्याच्या आतली लव झिजते. अन्न शोषून घेण्याचं काम त्या लवेचंच. ही झीज पोट न दुखताही चालू राहते, त्यामुळे पोटाच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा नाही.

गव्हाचा हा गुन्हा सिद्ध करणारे डॉक्टर नेदरलँड्सचे, व्हिलेम कारेल डिके. गव्हावर त्यांचा संशय आधीपासून होताच. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तिथे ब्रेड मिळेनासा झाला, पुढे तो पुन्हा मिळू लागला, आणि या आजाराच्या मुलांचं दोन्ही वेळी काय होतं हे त्यांना बघता आलं. औषध तेव्हापासून आजतागायत एकच आहे, ते म्हणजे ताट.

आई, आता तुझा प्रांत. घरात तुम्ही दोघंच, तेव्हा माझं स्पष्ट मत असं की गव्हाचं सुटं पीठ घरातून पूर्ण हलव. तुझ्यासाठी तयार ब्रेड राहू दे. तो झाकणाच्या डब्यात, सगळ्यांत खालच्या फळीवर ठेव, म्हणजे चुरा बाबांच्या वस्तूंवर पडणार नाही. ब्रेड सांभाळता येतो, पीठ सांभाळता येत नाही. ते मळताना, चाळताना हवेत उडतं, बराच वेळ तरंगतं आणि मग झाकण नसलेल्या प्रत्येक भांड्यावर बसतं.

नवीन घ्यायच्या वस्तू मोजक्याच आहेत: टोस्टर, पिठाची चाळणी, पाणी निथळायची जाळी, लाकडी बोर्ड, लाटणं आणि लाकडी उलथणं. जाळीच्या भोकांत आणि लाकडाच्या चिरांत पीठ अडकून राहतं, तिथून ते निघाल्याची खात्री देता येत नाही. ओरखडे पडलेला नॉनस्टिक तवाही यातच धर. स्टील, काच आणि चिनी मातीची भांडी साबणाने घासून वाहत्या पाण्याखाली धुतली की झाली. उकळून किंवा सॅनिटायझर लावून काही साधत नाही. ग्लुटेन म्हणजे जंतू नव्हे, ते मरत नाही. ते घासून काढूनच टाकावं लागतं. भांडी घासायचा स्पंज मात्र वेगळा ठेव. लोणी, जॅम, मध यांच्या बाबांसाठी वेगळ्या बरण्या कर आणि झाकणावर लाल पट्टी चिकटव. तळणाचं तेल वेगळं हवं. पास्ता ज्या पाण्यात उकळला ते पाणीही गेलंच म्हणून समज.

आता धान्य. गहू, बार्ली आणि राय, ही तिन्ही बंद. रवा, मैदा, दलिया, कुसकुस, स्पेल्ट, ट्रिटिकाले ही सगळी त्याच घराण्यातली. तांदूळ, मका, ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, किनोआ, बटाटा, साबुदाणा, डाळी, अंडी, दूध, मासे, भाज्या, फळं, सुकामेवा हे सगळं मुळात ग्लुटेनविरहित आहे. बकव्हीटच्या इंग्रजी नावात गहू असला तरी गव्हाशी त्याचं नातं नाही. आपण ज्याला कुट्टू म्हणतो तेच ते.

पण "मुळात" या शब्दावर जरा थांब. शेतात आलटून पालटून पिकं घेतात, एकच मळणी यंत्र, एकच गोदाम, तीच पोती. म्हणून मसुरात गव्हाचा दाणा सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लुटेन ४ मिलिग्रॅमच्या आसपास. एका माणसाच्या ६० ग्रॅम मसुरात असे तीन दाणे गेले की १२ मिलिग्रॅम झाले. यासाठी धान्य पांढऱ्या ताटात एकेक मूठ पसरून, उजेडात निवड. गव्हाच्या दाण्याच्या पोटावर उभी चीर असते आणि एका टोकाला बारीक लव. बार्ली त्याहून लांबट, दोन्ही टोकांना निमुळती. नजर बसली की दाणा आपोआप दिसतो. निवडून झालं की दोन-तीन पाण्यांनी धू, म्हणजे धूळही जाईल. पिठाला हा उपाय चालत नाही, कारण दळलेला गहू निवडता येत नाही. ज्या गिरणीत गहू दळतात तिथून आलेलं ज्वारीचं पीठ म्हणजे गव्हाचं पीठ मिसळलेलं ज्वारीचं पीठ. एकतर ग्लुटेन-फ्री छापलेलं पीठ घे, नाहीतर निवडलेलं धान्य घरच्या छोट्या चक्कीत दळ. त्या चक्कीत गहू एकदाही घालायचा नाही.

ओट्स सध्या नको. त्यांतलं प्रथिन वेगळं असतं आणि बहुतेकांना ते चालतं, पण साध्या ओट्समध्ये गहू-बार्लीची भेसळ जवळजवळ ठरलेली, आणि थोड्या जणांना शुद्ध ओट्सही बाधतात. बाबांचे रिपोर्ट सुधारले की डॉक्टरांना विचारून, ग्लुटेन-फ्री छापलेलेच ओट्स थोड्यापासून सुरू करू. दिवसाला ५० ग्रॅमच्या वर जायचं नाही.

पाकीट विकत घेताना चष्मा लावा, दोघांनीही. "ग्लुटेन-फ्री" याचा कोडेक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकातला अर्थ किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही, असा आहे. काही पाकिटांवर ओंबीवर काट मारलेली खूण असते, तीही चांगली. "व्हीट-फ्री" म्हणजे ग्लुटेन-फ्री नव्हे, त्यात बार्ली किंवा राय असू शकते. घटकांच्या यादीत माल्ट, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, माल्ट व्हिनेगर, ब्रुअर्स यीस्ट दिसलं की पाकीट परत ठेवा. माल्ट बहुधा बार्लीचंच असतं, आणि ते मक्याच्या कुरकुरीत न्याहारीतही घालतात, म्हणून "मक्याचं आहे" एवढ्यावर भुलू नका. उलट माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव ऐकून घाबरू नका, ते चालतं. सोया सॉस नेहमीच्या पद्धतीत सोयाबीन आणि गहू मिळून करतात, तो बंद. ग्लुटेन-फ्री लिहिलेला तामारी, म्हणजे जपानी पद्धतीचा सोया सॉस, चालेल. सूपची पाकिटं, सॉसेज, तयार सॅलड ड्रेसिंग, कुटलेले मसाले, कोटिंग केलेले शेंगदाणे, यांत पीठ कुठे लपेल सांगता येत नाही. "ट्रेसेस असू शकतात" अशी ओळ असेल तर दुसरा पर्याय शोधायचा. आणि नेहमीचं पाकीटही दर खेपेला वाचायचं. कंपन्या घटक बदलतात आणि पाकिटाचा रंग तोच ठेवतात.

आई, ग्रेव्ही किंवा सूप दाट करायला मैदा लागतच नाही. एक वाटी, म्हणजे २५० मिली पातळाला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून शेवटी घाल आणि एक-दोन मिनिटं उकळ. गरम रसात कोरडं टाकलंस तर गुठळ्या होतील. बटाट्याचा स्टार्च अगदी उतरवताना घाल, फार उकळला की रस पुन्हा पातळ होतो. टॅपिओकाचा जास्त झाला तर तार सुटते.

आता ब्रेड, कारण बाबा सकाळी टोस्टची आठवण काढणार हे मला ठाऊक आहे. विकतचे ग्लुटेन-फ्री ब्रेड बरेचदा भुशाच्या विटेसारखे लागतात. घरचा बरा होतो, फक्त सगळं वजनावर घे; वाटीने मोजू नकोस, कारण वाटीभर तांदळाचं पीठ आणि वाटीभर स्टार्च यांच्या वजनात बराच फरक पडतो.

तांदळाचं अगदी बारीक पीठ १८० ग्रॅम, ज्वारीचं १००, बटाट्याचा किंवा टॅपिओका स्टार्च १२०. त्यात ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, १५ ग्रॅम साखर, ८ ग्रॅम मीठ. वेगळ्या भांड्यात ४०० मिली कोमट पाण्यात २० ग्रॅम इसबगोलाची भुसी घालून लगेच जोरात फेट आणि पाच मिनिटं ठेव. त्याची थलथलीत जेली होते. ग्लुटेन हवा धरून ठेवतं, इथे ते काम ही जेली करते. जेलीत २५ ग्रॅम तेल आणि एक लहान चमचा साधं व्हिनेगर (माल्टचं नव्हे) घाल, मग पीठ घालून चार-पाच मिनिटं चांगलं एकजीव कर. मळून ताण आणायचा प्रश्नच नाही. गोळा ओलसर, चिकट राहील. वरून पीठ भुरभुरवून त्याला कोरडं करू नकोस. साधारण २१ × ११ सेंटिमीटरच्या टिनमध्ये घालून ओल्या हाताने वरून सपाट कर आणि झाकून ठेव.

फुगवायचं एकदाच, दीडपट होईपर्यंत. दुपटीची वाट पाहिलीस तर भट्टीत फुगेल आणि मधोमध खचेल. २२० अंशांवर १५ मिनिटं, मग १९० वर ४५ ते ५० मिनिटं. आतलं तापमान ९७ अंशांच्या आसपास गेलं की झाला. टिनमधून काढून जाळीवर ठेव आणि किमान दोन तास सुरी लावू नकोस. बाबांना तेवढा वेळ फिरायला पाठव. गरम असताना आतला स्टार्च बसलेला नसतो, तेव्हा कापलं की गिचका होतो आणि दोष बिचाऱ्या पिठाला जातो. गार झाल्यावरही आत ओलसर, दडदडीत वाटला, तर पुढच्या वेळी २० मिली पाणी कमी कर किंवा दहा मिनिटं जास्त भाज. कचकच लागला तर तांदळाचं पीठ जाडसर आहे. भिजवलेलं मिश्रण यीस्ट फुगायच्या आधी अर्धा तास फ्रिजमध्ये मुरू दे. भुसीऐवजी इसबगोलाची पूड वापरलीस तर ती थोडी कमी, १७ ग्रॅम घे. काही पुडींनी ब्रेडला जांभळट छटा येते, त्याने बिघडत काही नाही. हा ब्रेड दुसऱ्या दिवशी कडक होतो, म्हणून स्लाइस करून फ्रीझरमध्ये ठेव आणि तसेच टोस्टरमध्ये टाक.

केकला इसबगोल नको, दर १४० ग्रॅम पिठाला पाव लहान चमचा झँथन गम, म्हणजे पीठ बांधून धरणारी पूड, पुरे. जास्त झाला की रबर.

बाहेर जेवताना "ग्लुटेन-फ्री आहे का?" असा प्रश्न विचारू नका, उत्तर बहुतेक "हो"च येतं. नेमकं विचारा: बटाटे कुठल्या तेलात तळता, त्याच तेलात ब्रेडचा चुरा लावलेलं काही तळता का, माशाला पीठ लावता का, सॉस कशाने दाट केलाय, सॅलडवरचे टोस्टचे तुकडे काढून टाकता की मुळातच घालत नाही? (काढून टाकलेले चालत नाहीत.) उत्तर देताना माणूस चाचरला तर भाजलेला बटाटा, उकडलेलं अंडं, फळं यांवर भागवा. बुफेत चमचे इकडून तिकडे फिरतात. जायचंच असेल तर पहिल्यांदा वाढून घ्या.

गोळ्यांत भरणीसाठी स्टार्च असतो. बाबा, तुमच्या रोजच्या गोळ्यांची यादी औषधवाल्यापुढे ठेवून प्रत्येकीतला स्टार्च कशाचा आहे ते विचारा, पण उत्तर येईपर्यंत स्वतःहून गोळी बंद करू नका.

चुकून पोटात गेलंच तर उतारा नाही. पाणी, साधं जेवण, विश्रांती. ग्लुटेन पचवणाऱ्या म्हणून मिळणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्यांच्या भरवशावर केक खायचा नाही. काय खाल्लं तेवढं वहीत लिहून ठेवा.

सध्या दूध बाधत असेल तर ते बहुधा तात्पुरतं आहे, कारण दुधातली साखर पचवणारं एन्झाइम त्या झिजलेल्या लवेवरच असतं. लोह, बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता डॉक्टरांकडून तपासून घ्या. टीटीजीचा, म्हणजे सीलिॲकसाठीच्या रक्ततपासणीचा, आकडा उतरायला महिने लागतात, कधी वर्षाच्या वर. अस्तर भरून यायला या वयात आणखी वेळ. तपासणी दर वेळी त्याच लॅबमध्ये करा, कारण प्रत्येक लॅबचं मोजमाप वेगळं असतं. मी आणि दादाही रक्त देणार आहोत. सख्ख्या नात्यात दहातल्या एकाला हा आजार असू शकतो, आणि ही तपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते. त्यामुळे बाबांना सोबत म्हणून आम्ही दोघांनी इतक्यात गहू सोडलेला नाही, राग मानू नका.

तुमची,
लेक

ता. क. इंग्रजीत ज्या चिकट तांदळाला ग्लुटिनस म्हणतात, त्यात ग्लुटेन नसतं. आई, ते पाकीट फेकू नकोस.