पॉवरपॉइंटचं अ‍ॅड-इन करून देणाऱ्या ताईंना जाहीर थँक्यू

ताई, नमस्कार!

फोनवर थँक्यू म्हणालो तर तुम्ही "बरं बरं, आता काम कर" म्हणून फोन ठेवून टाकलात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही, पण वाचलंत की कळेलच कुणाबद्दल आहे ते.

मराठीत प्रेझेंटेशन करणाऱ्यांना माझं दुखणं लगेच कळेल. चार जणांकडून स्लाइड्स येतात, कुणाच्या मजकुराला भाषा इंग्रजी लागलेली असते कुणाच्या हिंदी, आणि आपल्या धडधडीत बरोबर शब्दांखाली लाल नागमोडी रेघा. रिव्ह्यूमध्ये जाऊन भाषा मराठी करता येते, पण जेवढा मजकूर सिलेक्ट केलाय तेवढ्याचीच, म्हणजे दर स्लाइडला तेच परत. आउटलाइन व्ह्यूमध्ये सगळं एकदम सिलेक्ट करावं म्हटलं तर तिथे फक्त प्लेसहोल्डरमधला, म्हणजे लेआउटच्या तयार चौकटींमधला मजकूर दिसतो, वेगळे टाकलेले टेक्स्ट बॉक्स येतच नाहीत, आणि आमच्या लोकांचा तर अर्धा माल टेक्स्ट बॉक्समध्येच असतो. रेघा लपवायचा पर्याय आहे हो, पण मग खरोखर चुकलेलं इंग्रजी स्पेलिंगही तसंच पुढे जातं.

तुम्ही आधी काहीच सुचवलं नाहीत, स्क्रीन शेअर करायला लावून मी काय काय क्लिक करतो ते नुसतं बघत बसलात. मग म्हणालात की हे व्हीबीएचं, म्हणजे ऑफिसमध्येच असलेल्या प्रोग्रॅमिंग भाषेचं काम आहे आणि पॉवरपॉइंटमधला मॅक्रो (एका क्लिकवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) बनवून देणारा रेकॉर्डर 2007 च्या व्हर्जनपासून गेलाय, त्यामुळे एक्सेलसारखं रेकॉर्ड करून चालणार नाही, लिहावंच लागेल. लिहिलेलं तसं छोटंच निघालं, प्रत्येक स्लाइडवरच्या प्रत्येक शेपमध्ये मजकूर आहे का बघायचं आणि असेल तर लँग्वेज आयडी 1102 करायचा, तो मराठीचा नंबर. पण ग्रुप केलेल्या शेप्समध्ये वेगळं शिरावं लागतं आणि टेबलच्या प्रत्येक सेलमध्येही, हे मला स्वतःहून सुचलंच नसतं, अर्ध्या रेघा तशाच राहिल्या असत्या आणि मी पॉवरपॉइंटला शिव्या घालत बसलो असतो.

पण खरे आभार मानायचेत ते त्याच्या पुढच्या भागाचे. मॅक्रो चालला तेव्हा मी खूश होऊन विषय संपवायला निघालो होतो, तुम्ही थांबवलंत. हा मॅक्रो या एका पीपीटीएम, म्हणजे मॅक्रो आत असलेल्या प्रेझेंटेशन फाईलमध्ये आहे, उद्या दुसरी फाईल आली की परत कॉपी करणार का, दर खोलीत वेगळा झाडू ठेवणार का, असं विचारलंत. शिवाय मॅक्रो आत असलेली फाईल बाहेर पाठवली की समोरच्याला वॉर्निंग दिसते आणि तो घाबरतो ते वेगळंच. एक्सेलमध्ये पर्सनल मॅक्रो वर्कबुक (सगळ्या फाईलींसाठी मॅक्रो ठेवायची एक जागा) असतं तसं पॉवरपॉइंटमध्ये काही नाही, त्यामुळे मार्ग एकच, पॉवरपॉइंटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम म्हणजे अ‍ॅड-इन. कोड आपल्या मशीनवर राहतो, जे प्रेझेंटेशन समोर उघडं असेल त्यावर चालतो आणि पाठवायची फाईल साधी पीपीटीएक्सच राहते. मी इतकी वर्षं अ‍ॅड-इन म्हणजे स्टोअरमधून घ्यायची विकतची वस्तू समजत होतो!

मग पीपीएएम, म्हणजे त्या जोडायच्या प्रोग्रॅमची फाईल म्हणून सेव्ह करायला लावलंत, आणि त्याआधी मूळ पीपीटीएम जपून ठेव म्हणून बजावलंत, कारण पीपीएएम नंतर एडिट करायला उघडत नाही. अ‍ॅड-इनमधले मॅक्रो मॅक्रोच्या यादीतही दिसत नाहीत, म्हणून रिबनवर (वरच्या बटणांच्या पट्टीवर) बटण हवंच, तर फाईलच्या आत त्या बटणाचं वर्णन करणारं थोडं एक्सएमएल घालून तेही करून दिलंत. लोड करायचं फाईल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, खाली मॅनेजमध्ये पॉवरपॉइंट अ‍ॅड-इन्स निवडून गो, बस. ज्यांना मेलवरून फाईल आली त्यांच्याकडे चालेना, तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉकवर टिक करायला सांगितलंत, 2022 पासून इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो बाय डिफॉल्ट ब्लॉक होतात म्हणून. आणि लगेच दमही दिलात, की कुणी पाठवलेलं काहीही असं अनब्लॉक करत सुटायचं नाही, कोड कुणाचा आहे ते माहीत असेल तरच. स्टोअरमधलं अ‍ॅड-इन घेतानाही ते डॉक्युमेंट नुसतं वाचणार की बदलणार, डेटा बाहेर पाठवणार का, हे तिथे लिहिलेलं असतं ते वाचायचं. हे आता मी ऑफिसमध्ये सगळ्यांना ऐकवतो, वैतागतात जरा.

अजून एक, माझं पॉवरपॉइंट उघडायला फार वेळ घ्यायचं ते तुम्ही बोलता बोलता निस्तरलंत. कंट्रोल दाबून धरून सेफ मोडमध्ये उघडलं तर झटकन उघडलं, म्हणजे दोष कुठल्यातरी अ‍ॅड-इनचा. कॉम अ‍ॅड-इन्सच्या यादीत (ही विंडोजसाठी बनवलेली वेगळ्या जातीची) दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरने आपणहून टाकलेली दोन-तीन निघाली, टिक काढल्या, संपलं.

आमच्यातल्या एकीकडे मॅक आहे, तिच्याकडेही हेच अ‍ॅड-इन चालतंय, कॉमवालं केलं असतं तर फक्त विंडोजवर चाललं असतं. ब्राउझरमधल्या पॉवरपॉइंटमध्ये मात्र चालत नाही, त्याला जावास्क्रिप्टवालं वेगळं लिहावं लागेल हे तुम्ही सांगितलंच होतं, ते मी इतक्यात हातात घेत नाही.

स्पीकर नोट्स राहिल्या होत्या ना, त्याचं लूप (एकेका नोटमधून फिरणारा कोड) मी स्वतः लिहिलंय, नोट्स पेजवरचे शेप्स घेऊन. मूळ पीपीटीएम मेलवर टाकलीये, सवडीने कोड बघा आणि काय चुकलंय ते तुमच्या स्टाइलने सांगा.