ऑडिटरला मतं मिळाली, वह्या काही मिळाल्या नाहीत

संपादक साहेब,

मी जिल्हा परिषदेच्या अकाउंट्समधून रिटायर झालोय, त्यामुळे "एजीची पार्टी आली", म्हणजे महालेखापालांच्या ऑफिसातून ऑडिटर आले, म्हटलं की काय धावपळ उडते ते मला विचारा, व्हाउचरं शोधा, कॅशबुकात राहिलेल्या सह्या बघा, आणि पॅरा, म्हणजे रिपोर्टात आक्षेप, लागू नये म्हणून चहा-पोहे वेळेवर. पण ऑडिटर चक्क निवडणूक लढवतो हे मला २०२४ साली मुलाकडे बॉस्टनला गेलो तेव्हा कळलं.

मॅसेच्युसेट्समध्ये स्टेट ऑडिटर दर ४ वर्षांनी लोक निवडतात. आत्ताच्या डायना डिझोग्लिओ २०२२ ला निवडून आल्या, त्याआधी त्या तिथल्याच विधिमंडळात होत्या आणि पक्षही सत्ताधाऱ्यांचाच, डेमोक्रॅट, म्हणजे सगळी घरचीच मंडळी. त्या म्हणाल्या मी विधिमंडळाचेही हिशेब तपासणार, तर तिथले नेते म्हणाले तुम्हाला तो अधिकारच नाही. मग बाईंनी प्रश्न थेट मतपत्रिकेवर नेला, म्हणजे हो की नाही ते लोकांनीच ठरवायचं. मुलाच्या घरी सरकारी पुस्तिका आली होती, तिच्यात बाजूने काय, विरोधात काय, दोन्ही छापलेलं, मी चष्मा लावून सगळी वाचून काढली. ५ नोव्हेंबरला जवळपास ७२ टक्के लोकांनी हो म्हटलं, आणि तरीही विधिमंडळाने वह्या उघडल्या नाहीत, का तर म्हणे सत्तेच्या विभागणीत, म्हणजे विधिमंडळाच्या कामात दुसऱ्या शाखेने हात घालायचा नाही या तत्त्वात, बसत नाही. ॲटर्नी जनरल, म्हणजे राज्याच्या मुख्य वकील, त्याही लोकांनीच निवडलेल्या, त्यांच्याशीही बाईंचं वाजलं!

आपल्याकडे कॅगला, म्हणजे देशाच्या मुख्य ऑडिटरला (एजी हे त्यांचेच राज्यातले अधिकारी), राष्ट्रपती नेमतात, ६ वर्षं किंवा वय ६५, आणि काढायचं तर सुप्रीम कोर्टाच्या जजला काढतात तशीच भानगड. मला हेच बरं वाटतं, मतं मागणारा ऑडिटर उद्या इलेक्शन बघून पॅरा लिहायला लागला तर काय घ्या. पण मग निदान कॅगचा रिपोर्ट तरी वेळेत टेबलवर यावा ना, घटनेच्या कलम १५१ मध्ये रिपोर्ट सभागृहात ठेवायचा असं आहे पण किती दिवसांत ते नाही, त्यामुळे आपल्या विधिमंडळात तो बऱ्याचदा शेवटच्या दिवशी येतो, आमदारांच्या बॅगा भरून झालेल्या असतात तेव्हा. राज्यपालांकडे गेल्यापासून ३० दिवस अशी मुदत घाला की, त्याला काय पैसे पडतात?

तिकडे असताना मुलाने सहज विचारलं, बाबा, आपल्या महाराष्ट्राच्या ऑडिटरचं नाव काय? सगळी नोकरी त्यांच्या पॅरांना उत्तरं लिहिण्यात गेली, पण नाव काही मला सांगता आलं नाही.

– एक निवृत्त लेखा कर्मचारी, सातारा