सेल्माहून आल्यावर

बर्मिंगहॅम, अलाबामा
१२ मार्च २०२५

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा तुम्ही विचारलंत, अमेरिकेची एवढी जुनी लोकशाही आणि मत कुणी द्यायचं यावरच अजून भांडण कसं? फोनवर नीट सांगता आलं नाही. त्यात रविवारी मी आणि मंदार याच राज्यातल्या सेल्माला जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहिते.

७ मार्च १९६५ ला मताचा हक्क मागत निघालेल्या सुमारे सहाशे लोकांना पोलिसांनी जिथे झोडपलं, तो एडमंड पेट्टस पूल सेल्मात आहे. पूल मध्यभागी इतका उंच, की चढताना पलीकडचं काही दिसत नाही. माथ्यावर पोचल्यावरच त्या लोकांना समोर पोलिसांची रांग दिसली, तरी ते चालत राहिले. पुढे होता पंचवीस वर्षांचा जॉन लुईस. त्याची कवटी फुटली. पुढे तो अनेक वर्षं खासदार होता. पुलाला मात्र आजही गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या सेनापतीचंच नाव आहे, आणि मला त्याचा राग येतो.

वर्णावरून मत नाकारता येणार नाही, हे राज्यघटनेत १८७० सालीच आलं होतं. नाकारलं जायचं ते नोंदणीच्या टेबलावर. सेल्मात नोंदणी महिन्यातून दोनच दिवस. रांगेत उभं राहिलं की मजुरी बुडायची, मालकाला कळलं तर कामच जायचं. मग राज्यघटनेवर प्रश्न, आणि उत्तर बरोबर की चूक हे ठरवणार तोच गोरा अधिकारी. वर आधीच यादीत असलेल्या मतदाराची साक्ष हवी. शेजारच्या लाउन्डस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) दर पाचांतले चार लोक कृष्णवर्णीय, आणि १९६५ च्या सुरुवातीला त्यांच्यातला एकही यादीत नव्हता. साक्ष द्यायची कुणी?

तरी तिथे निवडणुका वेळेवर व्हायच्या, बाबा. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, निवडून यायचा, मतमोजणी व्हायची. पण ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांनाच बाहेर ठेवून जिंकलेल्या खुर्चीला लोकांनी दिलेली सत्ता कसं म्हणायचं? माझं म्हणणं एवढंच आहे.

ऑगस्ट १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी सही केलेल्या मतदान हक्क कायद्याने त्या परीक्षा बंद केल्या. ज्या भागांचा इतिहास वाईट, त्यांनी मतदानाचा कुठलाही नियम बदलण्याआधी वॉशिंग्टनची मंजुरी घ्यायची, असंही ठरलं. २०१३ मध्ये इथल्याच, बर्मिंगहॅमला लागून असलेल्या शेल्बी काउंटीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती अट निकामी केली. न्या. गिन्सबर्ग यांनी वेगळं मत नोंदवलं, की आपण भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकण्यासारखं हे आहे. मला तेच पटतं.

आता भांडण मतदारसंघांच्या नकाशावर आलंय. अलाबामात साधारण २७ टक्के कृष्णवर्णीय, पण सातांपैकी एकाच मतदारसंघात त्यांचं बहुमत होतं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे चूक ठरवलं, तरी विधिमंडळाने दुसरा तसा मतदारसंघ आखला नाही. शेवटी नकाशा कोर्टाने ठरवला, आणि २०२४ मध्ये अलाबामातून पहिल्यांदाच एका वेळी दोन कृष्णवर्णीय खासदार निवडून आले.

तुम्ही शाळा सांभाळून मतदारयाद्या घेऊन वाड्यावस्त्यांवर फिरलात, म्हणून तुम्हाला नवल वाटेल. आपल्यासारखं देशभराचं मतदान घेणारा आयोग इथे नाही. नियम राज्याचे, कारभार बहुतेक काउंटीचा, आणि यादीत नाव घालायची धडपड सहसा ज्याची त्याने करायची. माझं काम लायसन्सच्या ऑफिसात फॉर्म भरून काही मिनिटांत झालं. ते इतकं सोपं कुणामुळे झालं, हे त्या पुलावर चालताना सारखं मनात येत होतं.

इथली आपली काही मंडळी म्हणतात, हे गोऱ्या-काळ्यांचं भांडण, आपला काय संबंध? मला हे अजिबात पटत नाही. १९२३ मध्ये याच सुप्रीम कोर्टाने भारतातून इथे आलेल्या भगतसिंग थिंड यांना 'गोरे नाहीत' म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. आणि आपल्यासारख्यांना इथे यायची वाट खऱ्या अर्थाने मोकळी करणारा कायदा त्याच १९६५ च्या ऑक्टोबरात, त्याच अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने झाला.

एक काम आहे. आई म्हणाली, गावच्या यादीत माझं नाव अजून आहे. मी इथली नागरिक झाले, तेव्हा ते तिथे राहणं बरोबर नाही. मतदारयादी सांभाळणाऱ्या बीएलओंना भेटून नाव वगळण्याच्या फॉर्म ७ चं काय ते विचारा, माझी कागदपत्रं मी पाठवते.

आईला नमस्कार.

तुमची,
मीनल