आधी सूची, मग स्कॅनर: दायमाबादच्या डिजिटल ग्रंथालयासाठी खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: दायमाबाद या ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या काळातल्या) स्थळावरील प्रकाशनांचे डिजिटल ग्रंथालय

सविनय नमस्कार.

श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर दायमाबादची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड, आहे. विस्तार सुमारे २० हेक्टर, वस्तीचे थर पाच मीटरांच्या आसपास, आणि त्या थरांत पाच संस्कृती: सावळदा, उत्तर हडप्पा (उत्तरकालीन हडप्पा), दायमाबाद, माळवा आणि जोर्वे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे तीन टप्प्यांत उत्खनन केले. १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव आणि १९७५-७६ ते १९७८-७९ या हंगामांत एस. ए. साळी यांनी. महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल बोलायचे तर या टेकाडाला वळसा घालून जाता येत नाही.

पण श्रीरामपुरातल्या एखाद्या शिक्षकाला या उत्खननांत नेमके काय निघाले ते वाचायचे असेल, तर त्याने सुरुवात कुठून करायची? मुख्य अहवाल म्हणजे सर्वेक्षणाच्या स्मृतिग्रंथमालेतला ८३ वा ग्रंथ, १९८६ सालचा, इंग्रजीत. हंगामवार टिपणे सर्वेक्षणाच्या वार्षिक आढाव्यात, प्रत्येक अंकात थोडकी पाने. बाकीचे लेख ‘पुरातत्त्व’, ‘मॅन अँड एन्व्हायर्न्मेंट’ अशा नियतकालिकांत, परिसंवादांच्या संग्रहांत आणि पीएचडीच्या प्रबंधांत. मराठीतला मजकूर आणखी विखुरलेला. हे सगळे एका जागी आणणारे डिजिटल ग्रंथालय राज्याने उभारावे, ही आमची मागणी. ते कसे उभारू नये, हे सांगण्यासाठी पत्राचा बराचसा भाग खर्ची घालतो आहोत. कारण अशी कामे पैशाअभावी जितकी अडतात, त्याहून जास्त चुकीच्या क्रमाने बिघडतात.

नेहमीचा क्रम असा: निधी मंजूर होतो, पानाच्या दराने निविदा निघते, कंत्राटदार गठ्ठे घेऊन जातो आणि काही महिन्यांनी हार्ड डिस्क परत येते. पानाचा दर ठरला की घडीचा नकाशा हे एक पान आणि कोरे पान हेही एक पानच. नकाशा उलगडून, सपाट करून स्कॅन करायला वीस मिनिटे लागतात, कोऱ्या पानाला चार सेकंद. ऑपरेटर काय करणार? घडी तशीच ठेवून वरचा भाग स्कॅन करतो. ग्रंथाच्या मागच्या खिशात सुटे नकाशे असतील तर ते पाकिटातून बाहेरही येत नाहीत. उत्खननाच्या अहवालात नेमके हेच मोलाचे असते. मजकूर एक वेळ दुसरीकडून मिळेल, थरांचे छेदचित्र (खड्ड्याच्या उभ्या भिंतीतले थर दाखवणारे रेखाचित्र) मिळत नाही.

म्हणून पहिले चार महिने स्कॅनर विकत घेऊ नये, भाड्यानेही आणू नये. एक ग्रंथपाल आणि ताम्रपाषाणयुगाचा अभ्यास असलेला एक पुरातत्त्व पदवीधर, एवढ्या दोघांनी बसून सूची करावी. सूचीचे एकक ग्रंथ नव्हे, लेख धरावा. वार्षिक आढाव्याचे अंक सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावर आहेतच, पण अख्खा अंक एका फायलीत. १९५८-५९ च्या अंकात दायमाबादची पाने शोधायची तर देशभरची उत्खनने चाळावी लागतात. ती तीन-चार पाने आणि त्यांची चित्रपत्रे (छायाचित्रांची वेगळी पाने) वेगळी नोंदवली, की वाचकाचे निम्मे काम झाले. चित्रपत्रे बहुधा अंकाच्या शेवटी एकत्र असतात. मजकुराची पाने उचलली आणि चित्रे मागेच राहिली, हा ठरलेला घोटाळा.

प्रत्येक नोंदीत तीन वर्षे वेगळी लिहावी लागतील: उत्खननाचा हंगाम, अंकावर छापलेले वर्ष आणि प्रत्यक्ष प्रकाशनाचे वर्ष. १९७४-७५ चा अंक निघाला १९७९ साली. साळींच्या अहवालाच्या शीर्षकात १९७६-७९ आहे, पण त्यांचे खोदकाम १९७५-७६ पासूनचे. एकच ‘वर्ष’ असा रकाना ठेवला, तर तो भरणारा माणूस कधी हे तर कधी ते लिहील आणि शोध कायमचा बिघडेल.

याहून अवघड प्रश्न कालखंडांचा. पहिल्या उत्खननाने थरांचे तीन टप्पे मांडले, साळींनी पाच. त्यामुळे १९५९ सालच्या टिपणातला ‘पहिला टप्पा’ आणि १९८६ च्या ग्रंथातला ‘पहिला कालखंड’ हे एकच असतील असे गृहीत धरता येत नाही. नोंदीत मूळ लेखकाचा शब्द जसाच्या तसा ठेवावा आणि शेजारच्या रकान्यात आजच्या वर्गीकरणातले नाव, ज्याने ते ठरवले त्याच्या सहीनिशी. मूळ शब्द ‘सुधारण्याचा’ मोह टाळायला हवा.

एक नोंद उलगडूनच दाखवतो. १९७४ मध्ये इथे सापडलेल्या चार धातुशिल्पांपैकी बैलजोडीचा रथ घ्या: लांबी ४५ सेंटीमीटर, रुंदी १६, त्यात उभा सारथी. सोबत हत्ती, गेंडा आणि रेडा. हा ठेवा गावातल्या माणसांच्या हाती लागला, शास्त्रीय खोदकामात थरातून निघाला नाही. म्हणून त्याच्या काळाबद्दल वाद आहे. साळी आणि पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी तो उत्तर हडप्पा काळात घातला. धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक निघाले, त्यावरून डी. पी. अग्रवाल यांनी त्या काळाविषयी शंका घेतली. कुणी त्याला ‘ताम्र’ म्हणते, कुणी ‘ब्राँझ’; कुणी ‘रथ’, कुणी ‘गाडी’. ग्रंथालयाने निवाडा करू नये. वस्तूला एक क्रमांक द्यावा, त्या क्रमांकाखाली सगळे लेख जोडावेत, आणि काळाच्या रकान्यात कोणाचे मत काय ते प्रकाशनाच्या वर्षासह लिहावे. एखादा उत्साही अधिकारी तिथे फक्त ‘इ. स. पू. २०००’ लिहून मोकळा झाला, तर पुढची पाठ्यपुस्तके तेच उचलतील.

नावांचेही तसेच. रोमन लिपीत जोर्वेची आणि नेवाशाची स्पेलिंगे दोन-तीन तऱ्हांची आहेत, आणि जुन्या प्रकाशनांत जिल्हा अहमदनगर आहे, आता अहिल्यानगर. नावांची एक प्रमाणयादी करून सगळी रूपे तिला बांधली, तर ‘जोर्वे’ असे देवनागरीत टाइप करणाऱ्यालाही इंग्रजी अहवाल सापडेल. प्रत्येक लेखाला दोनशे-अडीचशे शब्दांचा मराठी गोषवारा हवा. तो विषय जाणणाऱ्या माणसानेच लिहावा. यंत्राच्या भाषांतरात परिभाषा हमखास घसरते, आणि थरांचे छेदचित्र म्हणजे ‘विभागाचे रेखांकन’ होऊन बसते.

आता स्कॅनिंग. मजकुराची पाने ४०० डीपीआय (एका इंचात ४०० ठिपके), रंगीत; चित्रपत्रे आणि रेखाचित्रे ६००. निव्वळ काळे-पांढरे स्कॅन कुठेच नको. छापील छायाचित्र बारीक ठिपक्यांचे असते. काळ्या-पांढऱ्यात त्या ठिपक्यांचे डाग होतात, आणि कमी डीपीआयला चित्रावर जाळीच्या लाटा उमटतात. लाल भांड्यावरची काळी नक्षी मग ओळखू येत नाही. छेदचित्रात माती, राख, मुरूम दाखवायला वेगवेगळ्या रेघा आणि ठिपके वापरलेले असतात, तेही एकजीव काळे होतात. काही जुन्या सार्वजनिक स्कॅनमध्ये हे झालेले आहे आणि त्यावर उपाय एकच: पुन्हा स्कॅन.

स्वयंचलित कातरणी बंद ठेवावी, हे करारात लिहूनच घ्या. कडा ‘स्वच्छ’ करताना सॉफ्टवेअर चित्रपत्राचा क्रमांक उडवते, कधी मोजपट्टीही. रेखाचित्र पुस्तकात लहान करून छापलेले असते, पडद्यावर त्याचा आकार आणखी बदलतो. ‘१:५०’ हे छापलेले प्रमाण मग निरुपयोगी, खरी असते ती चित्रातली पट्टी. प्रत्येक सत्राच्या पहिल्या फ्रेममध्ये रंगपट्टी आणि सेंटीमीटरची फूटपट्टी ठेवावी.

पुस्तक उताणे दाबून सपाट स्कॅनरवर ठेवले की शिवण तुटते आणि मधल्या घळीत मजकुराचे एक-दोन शब्द काळोखात जातात. इंग्रजी व्ही आकाराचा पाळणा आणि वरून कॅमेरा, ही रचना घ्या. चित्रपत्रांचा आर्ट पेपर पावसाळ्यात एकमेकांना चिकटतो. ओढून सोडवला तर चित्राचा थर निघून समोरच्या पानावर बसतो. अशी प्रत बाजूला ठेवून दुसरी मिळवावी. ती डेक्कन कॉलेजात, मुंबईतल्या जुन्या ग्रंथालयांत किंवा सर्वेक्षणाकडे मिळू शकते. म्हणून सूचीतच ‘प्रत कुठे, अवस्था कशी’ हा रकाना हवा.

साठवणुकीचा हिशोब सोपा आहे. ए-४ पानाची ४०० डीपीआयची रंगीत, न दाबलेली टिफ प्रतिमाफाइल सुमारे ४६ एमबीची. हजार पानांचे ४६ जीबी. ए-० आकाराचा एक नकाशा त्याच डीपीआयला ७४० एमबी. दायमाबादचे सगळे साहित्य जमेस धरले तरी हे काही मोठे आकडे नव्हेत, तेव्हा जागा वाचवण्यासाठी मूळ फायली दाबून लहान करण्याचे कारण नाही. मूळ फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या शहरात; आणि प्रत्येक फायलीचा चेकसम (फाइल बिघडली की बदलणारा तपासणीचा आकडा) दर सहा महिन्यांनी तपासणारा एक ठरलेला माणूस. वाचकासाठी वेगळी, हलकी, मजकूर शोधता येणारी पीडीएफ-ए (दीर्घ जतनासाठीची पीडीएफ).

काम स्वीकारताना दहा टक्के पाने हाताने तपासावीत, पण घडीचे नकाशे आणि चित्रपत्रे शंभर टक्के. छापील अनुक्रमणिकेशी पानमेळ करावा. मराठी नियतकालिकांच्या बाबतीत एक जास्तीची तपासणी लागते: युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेल्या अंकाची पीडीएफ दिसायला सुबक असते, मजकूर कॉपी केला की मात्र अगम्य चिन्हे येतात. अशा फायलींतला मजकूर काढण्यात वेळ घालवू नये. पानाची प्रतिमा काढून ओसीआर (प्रतिमेतली अक्षरे यंत्राने ओळखणे) करावा आणि जोडाक्षरे माणसाने वाचून दुरुस्त करावीत.

कॉपीराइटच्या भीतीने असे प्रकल्प थांबतात, तेव्हा त्याबद्दल नेमके लिहितो. १९५७ च्या कायद्यानुसार सरकारी प्रकाशनाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे चालतो. १९५९ सालचा आढावा २०१९ अखेरीस मुक्त झाला. १९७९ चा अंक २०३९ अखेरपर्यंत आणि साळींचा १९८६ चा ग्रंथ २०४६ अखेरपर्यंत सरकारच्या हक्कात. खासगी लेखकाच्या बाबतीत मृत्यूनंतरची ६० वर्षे; पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया १९८९ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे लेखन २०४९ अखेरपर्यंत. मात्र कलम ५२ नुसार, विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक रूपात साठवायला परवानगी लागत नाही. तेव्हा जतनाचे स्कॅन आजही सुरू होऊ शकते. परवानगी हवी ती लोकांना दाखवण्यासाठी. जिथे ती मिळालेली नाही तिथे नोंद, गोषवारा आणि ‘छापील प्रत कुठे आहे’ एवढे तरी द्यावे. डेक्कन कॉलेजचे बुलेटिन जेस्टोर या नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर आहे, प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर आहेत. जे दुसरीकडे नीट आहे त्याचा फक्त दुवा द्यावा.

सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. डीस्पेस हे डिजिटल ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर फुकट आहे, शोधगंगाही त्यावरच चालते. पत्ते मात्र कायमचे हवेत. खात्याचे संकेतस्थळ बदलले की सगळे दुवे मेले, हा अनुभव नवा नाही. प्रत्येक नोंदीला हँडल क्रमांक (सर्व्हरशी न बांधलेला कायमचा पत्ता) दिला, तर उद्या सर्व्हर हलला तरी पाठ्यपुस्तकातला पत्ता चालतो.

हे काम कोणी करावे? साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य देते, त्यामुळे लोकांना खुले वाचू देण्याची सवय शासनाला आहे. पुरातत्त्व संचालनालय आणि ग्रंथालय संचालनालय या दोघांवर संयुक्त जबाबदारी टाकली तर फाइल दोघांच्या मधोमध पडून राहील. एकाकडे सोपवा, आमच्या मते ग्रंथालय संचालनालयाकडे, कारण सूची हा त्यांचा धंदा आहे.

दायमाबादपासून सुरुवात सुचवतो, कारण साहित्य मोजके आहे आणि एका वर्षात हातावेगळे होईल. जोर्वे, दायमाबाद आणि नेवासे एकाच प्रवरेच्या काठी, एकाच जिल्ह्यात आहेत. दायमाबादची प्रमाणयादी उरलेल्या दोघांना जवळपास तशीच लागू पडेल, मग घोड नदीवरचे इनामगाव घेता येईल.

आपल्याकडून पहिल्या महिन्यात दोनच गोष्टी हव्यात. सूचीसाठी दोन पदे, चार महिन्यांची. आणि केंद्रीय संस्कृती मंत्रालयाला एक पत्र. त्यात ‘सहकार्य मिळावे’ असे मोघम लिहिले तर उत्तरही मोघम येईल. स्मृतिग्रंथ क्रमांक ८३ आणि आढाव्याचे १९७४-७५ ते १९७८-७९ हे पाच अंक, असे नाव घेऊन मागावे: संकेतस्थळावर दाखवणे, उतरवून घेऊ देणे, ओसीआर मजकूर शोधासाठी ठेवणे आणि मराठी गोषवारा प्रसिद्ध करणे, या चार गोष्टींची परवानगी. मूळ निगेटिव्ह सर्वेक्षणाकडे असतील तर त्यांचीही विचारणा त्याच पत्रात व्हावी. ॲसिटेटची फिल्म खराब होऊ लागली की व्हिनेगरचा वास येतो, आणि त्यानंतर ती फार थांबत नाही.

आपले,
ग्रंथसूची आणि पुरातत्त्व या क्षेत्रांत काम करणारे काही जण