‘फॉरमॅट मारा’ न म्हणणाऱ्या तुम्हाला

सप्रेम नमस्कार,

जुन्या लॅपटॉपवर ब्राउझर सारखा बंद पडतो अशी तक्रार आली की उत्तरं ठरलेली असतात. फॉरमॅट मारा, कॅशे उडवा, नाहीतर सरळ नवा घ्या. चार जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क आणि दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर एवढं वर्णन असलेल्या अशाच एका तक्रारीला तुम्ही सविस्तर लेखी उत्तर दिलंत, आणि त्यात यातलं काहीच सुचवलं नाहीत. आधी विचारलंत, “हळू चालतो, अडकतो की बंद पडतो? आणि बंद पडतो म्हणजे एक टॅब की अख्खा ब्राउझर?” आभार मुख्यतः या दोन प्रश्नांचे आहेत.

कारण वरवर सारखी वाटली तरी ही दुखणी निराळी. पंखा घोंघावतोय आणि सगळंच संथ झालंय, तर प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतोय. माउस हलतो पण क्लिकला उत्तर नाही आणि डिस्कचा दिवा अखंड पेटलेला, तर रॅम भरून डिस्कवर सांडतेय. एकेकटा टॅब मरत असेल तर बहुतेक वेळा मेमरी मिळत नसते. अख्खा ब्राउझर काही न बोलता नाहीसा होत असेल तर पहिला संशय पडद्यावरचं चित्र सांभाळणाऱ्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर, दुसरा ब्राउझरमध्ये स्वतःच्या फायली घुसवणाऱ्या अँटिव्हायरसवर. विंडोजवर फायरफॉक्सच्या ‘अबाउट:थर्ड-पार्टी’ पानावर हे घुसखोर नावानिशी दिसतात. आणि दर वेळी वेगळ्याच ठिकाणी, ब्राउझरबाहेरचे प्रोग्रॅमही कोसळत असतील, तर रॅमची पट्टीच तपासायची. मेमटेस्ट८६ हा तपासणीचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालू करून रात्रभर, निदान चार फेऱ्या. एकही चूक निघाली तरी ती चूकच. “एकच तर आहे” म्हणून सोडायची नाही.

सगळ्यांत मोलाचं होतं ते पेजफाइलबद्दलचं, म्हणजे रॅम अपुरी पडली तर विंडोज डिस्कवर जी फाइल वापरतं तिच्याबद्दलचं. रॅम मोकळी दिसते तरी टॅब का मरतात, हे इतक्या सरळ शब्दांत फार कमी जण सांगतात. प्रोग्रॅमने मेमरी मागितली की विंडोज ती वापरली जाण्याआधीच हिशेबात धरतं. खुर्चीवर रुमाल टाकला की माणूस आला नसला तरी जागा गेली, तसंच हे. एकूण खुर्च्या म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. कुणीतरी ‘वेग वाढतो’ म्हणून पेजफाइल बंद करून ठेवलेली असते, किंवा सी ड्राइव्ह इतका भरलेला असतो की तिला वाढायला जागाच उरत नाही. मग अर्ध्या खुर्च्या रिकाम्या असूनही नवीन येणाऱ्याला नकार मिळतो, आणि नकार मिळालेला टॅब मरतो.

तपासायची जागाही तुम्ही नेमकी दाखवलीत: टास्क मॅनेजर, परफॉर्मन्स, मेमरी, आणि तिथे ‘कमिटेड’खालचे दोन आकडे. ५.८/६.० असं काही दिसलं तर निदान झालं. उपाय सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये: ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सच्या सेटिंग्ज, पुन्हा ॲडव्हान्स्ड, मग व्हर्च्युअल मेमरीचं चेंज. पेजफाइलचा आकार विंडोजनेच सांभाळावा हा सगळ्यांत वरचा चौकोन टिक करायचा, सी ड्राइव्हवर दहा-पंधरा जीबी मोकळे करायचे आणि लॅपटॉप रीस्टार्ट करायचा. पैसा लागत नाही, वेळ पाच मिनिटं. सप्टेंबर २०२२च्या फायरफॉक्स १०५मध्ये मोझिलाने याच नकारावर इलाज केला: मेमरी नाकारली गेली तर लगेच कोसळायचं नाही, क्षणभर थांबून पुन्हा मागायची, तेवढ्यात विंडोज पेजफाइल वाढवतं. पण वाढायला पेजफाइल तर हवी! म्हणून जुन्या फायरफॉक्सला चिकटून बसू नका हा तुमचा आग्रहही पटला.

‘रॅम क्लीनर’ काढून टाका, हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. आम्ही थोडं जास्त बोललो असतो. ही सॉफ्टवेअरं चालू प्रोग्रॅमांची पानं (मेमरीचे छोटे तुकडे) रॅममधून हुसकून लावतात, मोकळ्या रॅमचा आकडा सुंदर दिसतो आणि पुढच्याच क्लिकला तीच पानं डिस्कवरून परत ओढावी लागतात. फिरत्या डिस्कवर तर ही शिक्षाच.

टॅब मोजत बसण्यापेक्षा कोणता टॅब खातोय ते बघा, हेही कामाचं. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबायचं, फायरफॉक्समध्ये ॲड्रेस बारमध्ये ‘अबाउट:प्रोसेसेस’ लिहायचं. बहुतेकदा वीसपैकी दोनच टॅब दोषी निघतात, आणि त्यातला एक न संपणारी यादी खाली खाली सरकवत ठेवलेला असतो. तो रीलोड केला तरी पुष्कळ मेमरी सुटते. क्रोममधला मेमरी सेव्हर चालू ठेवला की न वापरलेले टॅब आपोआप झोपतात. अर्धवट भरलेला फॉर्म ज्या साइटवर असेल ती तेवढी अपवादाच्या यादीत टाकायची.

ब्राउझर आपलं काम ज्या स्वतंत्र प्रोसेसमध्ये वाटून चालवतो, त्यांची संख्या कमी करण्याचा जुना नुस्खा तुम्ही खोडून काढलात, त्याबद्दल वेगळे आभार. फायरफॉक्सचं ‘डॉम.आयपीसी.प्रोसेसकाउंट’ हे सेटिंग आठवरून दोनवर आणा, हा सल्ला अजून फिरतो. पण २०२१मध्ये फायरफॉक्सने प्रत्येक साइटला स्वतंत्र प्रोसेस द्यायला सुरुवात केल्यापासून त्या आकड्याचा साइटच्या प्रोसेसवर जवळपास परिणाम होत नाही. क्रोमने हेच २०१८मध्ये, ६७व्या आवृत्तीपासून केलं आणि १० ते १३ टक्के मेमरी जास्त लागेल हे गूगलने तेव्हाच सांगून टाकलं होतं. ती सुरक्षेची किंमत आहे, वाचवायला जाऊ नये.

आता व्हिडिओ. जुना लॅपटॉप व्हिडिओ लावला की तापतो, याचं खापर इंटरनेटवर फोडलं जातं. तुम्ही यूट्यूबच्या व्हिडिओवर राइट क्लिक करून ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ उघडायला लावलंत आणि कोडेकची, म्हणजे व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीची, ओळ वाचायला सांगितलीत. तिथे ‘एव्ही०१’ किंवा ‘व्हीपी०९’ असेल आणि गळालेल्या फ्रेमचा आकडा चढत असेल, तर प्रोसेसर एकट्याने ओझं वाहतोय. इंटेलच्या सातव्या पिढीआधी व्हीपी९ पूर्णपणे हार्डवेअरमध्ये उलगडत नाही. एव्ही१साठी अकरावी पिढी लागते. एच.२६४ हे जुनं कोडेक मात्र त्याहून कितीतरी जुन्या चिपलाही सहज जमतं. ते सक्तीने मागणारं छोटं एक्स्टेन्शन टाकलं की त्याच ओळीत ‘एव्हीसी१’ येतं आणि थोड्या वेळात पंखा शांत होतो. तोटा इतकाच की यूट्यूबवर एच.२६४ १०८०पीच्या वर मिळत नाही. १३६६ बाय ७६८च्या पडद्यावर त्याचं दुःख कशाला?

हार्डवेअर ॲक्सलरेशन उठसूट बंद करू नका, हे तुम्ही दोनदा लिहिलंत. बरं केलंत. ते बंद केलं की चित्र रंगवण्याचं सगळं काम पुन्हा त्याच थकलेल्या प्रोसेसरवर येतं. काळे चौकोन दिसत असतील किंवा अख्खा ब्राउझर कोसळत असेल, तरच. आधी लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरचा ग्राफिक्स ड्रायव्हर घालून बघायचा.

एका बाबतीत आमचं मत वेगळं. फिरती डिस्क असेल तर फायरफॉक्सचं ‘ब्राउझर.सेशनस्टोअर.इंटरव्हल’ १५०००वरून ६००००वर नेऊ नका, असं तुम्ही म्हणालात. उघड्या टॅबची नोंद पंधरा सेकंदांऐवजी मिनिटाने झाली तर डिस्कला श्वास घ्यायला मिळतो, पण ब्राउझर कोसळला तर शेवटच्या मिनिटाची नोंद जाते, हा तुमचा मुद्दा. कोसळणं थांबल्यानंतर बदलायला हरकत नाही, असं आम्हाला वाटतं. एसएसडी बसवली असेल तर मात्र हात लावायचं कारणच नाही.

रॅम वाढवण्याबद्दलचा इशारा किती जणांचा खर्च वाचवेल! डीडीआर३ आणि डीडीआर३एल या दोन्ही प्रकारच्या रॅमच्या पट्ट्या २०४ पिनच्या, खाचही एकाच जागी, म्हणून कोणतीही बसते. पण पहिली १.५ व्होल्टची, दुसरी १.३५ची, आणि इंटेलच्या चौथ्या पिढीच्या कमी वीज खाणाऱ्या ‘यू’ प्रोसेसरला १.३५चीच लागते. चुकीची घातली तर लॅपटॉप चालूच होत नाही आणि माणूस मदरबोर्ड गेला म्हणून बसतो. बॅटरी सोडवा, पट्टी तिरकी आत सारा, सोनेरी कडा जवळजवळ दिसेनाशी झाल्यावरच खाली दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा ‘टक्’ वाजल्या पाहिजेत: इतकं बारीक लिहिलंत, तेही न कंटाळता.

विंडोज ७वर अडकलेल्यांना तुम्ही खोटी आशा दाखवली नाहीत. तिथे क्रोम १०९वरच थांबला, फायरफॉक्सची ईएसआर (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी) ११५ ही शेवटची शाखा. चार जीबीत हलकी लिनक्स टाकून झेडरॅम (रॅममधलाच डेटा दाबून जागा वाचवणारी सोय) चालू करा, हा पर्याय दिलात आणि बँकेची कामं जुन्या ब्राउझरवर करू नका असं बजावलंत.

आणि प्रत्येक बदलाशेजारी तो परत कसा फिरवायचा, ते तुम्ही लिहिलं होतंत. ‘रिफ्रेश फायरफॉक्स’ दाबलं तर बुकमार्क आणि पासवर्ड राहतात, एक्स्टेन्शन जातात, जुनं प्रोफाइल डेस्कटॉपवरच्या ‘ओल्ड फायरफॉक्स डेटा’ फोल्डरमध्ये मिळतं, हे बटण दाबायच्या आधी वाचायला मिळालं. नंतर नव्हे.

मनःपूर्वक आभार.

तुमचे,
जुने लॅपटॉप चालते ठेवणारे काहीजण