गेम विभागातील त्या विक्रेत्यास, एका आईकडून

सा. न. वि. वि.

आपले नाव मला ठाऊक नाही आणि बहुधा आपल्यालाही मी आठवत नसेन. सुट्टीच्या आधीच्या त्या आठवड्यात आपल्या काउंटरवर माझ्यासारखे कितीतरी पालक हातात मुलांच्या चिठ्ठ्या घेऊन उभे होते. आभार मानण्यासाठी मी परत आले, तेव्हा आपण तेथील काम सोडून गेल्याचे समजले. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ते आपल्यापर्यंत पोहोचले तर उत्तम, आणि न पोहोचले तरी जे सांगायचे आहे ते कोठेतरी नोंदलेले राहील.

माझ्या अकरा वर्षांच्या मुलाने चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहिल्या होत्या : ‘स्विच’, म्हणजे निन्टेन्डो कंपनीचे गेम खेळण्याचे यंत्र, आणि ‘मारिओ कार्ट’, म्हणजे त्यावरचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. एवढी स्पष्ट मागणी असताना चूक होण्यास वाव तरी कोठे आहे, अशा समजुतीत मी होते. दुकानात शिरताच ‘स्विच’ हे नाव दिसलेला पहिला खोका मी उचलला. रंग सुंदर होता, आकार लहान मुलांच्या हातांना साजेसा होता आणि शेवटचे दोनच नग शिल्लक होते, त्यामुळे तो हातातून खाली ठेवण्याचा धीर होत नव्हता. जोडीला एक जादा कंट्रोलर, एक मेमरी कार्ड आणि धाकटीसाठी म्हणून एक वेगळा गेम, असा सरंजाम घेऊन मी आपल्यासमोर आले. आपण बिल करायला घेतले असते तर दोन मिनिटांत मोकळे झाला असता, कारण मागे रांग होती. त्याऐवजी आपण विचारलेत, “खेळणार कोण, कोणाबरोबर आणि कोणत्या पडद्यावर?”

त्या प्रश्नाचा मला त्या क्षणी थोडा रागच आला होता, हे आज कबूल करते. घाईत असलेल्या माणसाला प्रश्न नको असतात. तरीही मी सांगितले की दोन मुले आहेत, धाकटी सात वर्षांची आहे, दोघांनी बैठकीच्या खोलीतील टीव्हीवर एकत्र खेळावे अशी आमची इच्छा आहे आणि थोरल्याला त्याच्या मित्रांबरोबरही शर्यत लावायची आहे. आपण माझ्या हातातील खोक्याकडे बोट दाखवून म्हणालात, की हा स्विच लाइट आहे. २०१९ साली आलेले हे यंत्र फक्त हातात धरून खेळण्यासाठी बनवलेले असून ते टीव्हीला जोडताच येत नाही आणि त्याचे कंट्रोलरही यंत्रापासून सुटे होत नाहीत. म्हणजे दोन मुलांच्या घरात मी अशी भेट घेऊन निघाले होते, जी एका वेळी एकाच्याच हातात राहिली असती. सुट्टीच्या पहिल्याच सकाळी आमच्या घरात काय झाले असते, याचे चित्र मला रांगेत उभ्या उभ्याच दिसले.

मग आपण विचारलेत, “मारिओ कार्ट कोणता?” मारिओ कार्ट एकाहून अधिक असतात हे मला माहीतच नव्हते. मूळ स्विच मार्च २०१७ मध्ये आला आणि त्याच वर्षी ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ आला; जून २०२५ मध्ये स्विच २ आला, त्याच्यासोबत ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ आला, आणि हा दुसरा गेम जुन्या स्विचवर चालत नाही. उलट जुन्या स्विचचे बहुतेक गेम नव्या यंत्रावर चालतात. आपण मला दुकानाबाहेर जाऊन मुलाच्या मित्राच्या आईला फोन करायला लावलात आणि तोपर्यंत माझे सामान बाजूला ठेवून पुढच्या ग्राहकाला घेतलेत. मित्रांकडे ‘वर्ल्ड’ होता, म्हणजे आम्हाला स्विच २ हवा होता. चिठ्ठीवरच्या दोन शब्दांमागे आठ वर्षांचे अंतर दडलेले होते, आणि ते विचारण्याची गरज आपल्याखेरीज त्या दुकानात कोणालाच, अगदी मलाही, वाटली नव्हती.

नावांचा हा घोळ काही मी एकटीनेच घातलेला नाही, हे मला नंतर वाचून कळले आणि जरा बरे वाटले. २०१२ मध्ये निन्टेन्डोचाच ‘वी यू’ नावाचा कन्सोल, म्हणजे गेम खेळण्याचे यंत्र, आला, तेव्हा हे आपल्या घरातल्या जुन्या ‘वी’चेच काहीतरी जोडसामान असावे, असा अनेकांचा समज झाला होता. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोलचेही तसेच : ‘वन एक्स’ आणि ‘सिरीज एक्स’ ही दोन वेगळ्या पिढ्यांची यंत्रे आहेत, हे नावावरून कोणत्या आजोबांना ओळखता यावे? सोनीच्या प्लेस्टेशन ५ मध्ये नावाचा गोंधळ कमी आहे. पण तेथेही एका प्रकारात डिस्क घालण्याची सोय असते आणि दुसऱ्यात नसते. मित्राकडून डिस्क मागून आणण्याची सवय असलेल्या मुलाला डिस्कची सोय नसलेले यंत्र मिळाले तर पहिल्याच दिवशी हिरमोड ठरलेला. हे उदाहरण आपणच दिले होते, माझ्या मागे उभ्या असलेल्या गृहस्थांना. मी ते कान देऊन ऐकले.

यानंतर आपण जे केलेत, त्याबद्दल हे पत्र मुख्यतः आहे. आपण माझ्या सामानातून वस्तू कमी केल्यात. जादा कंट्रोलर परत ठेवायला सांगितलात, कारण यंत्रासोबत येणारी जॉय-कॉन या छोट्या कंट्रोलरची जोडी सुटी करून एकेक आडवा धरला की दोघांना खेळता येते. गरज वाटली तर पुढे कधीतरी घ्या, म्हणालात. मेमरी कार्डही परत गेले. मी उचललेले साधे मायक्रोएसडी कार्ड होते आणि स्विच २ वर गेम साठवायचे तर मायक्रोएसडी एक्सप्रेस हाच प्रकार लागतो. शिवाय यंत्रात मुळातच २५६ जीबी जागा आहे, ती भरेपर्यंत कार्डाचा विचारच करू नका, असे आपले म्हणणे होते. धाकटीच्या गेमच्या खोक्यावर पुढच्या बाजूला, खाली, एक लहानशी सूचना होती, जी मी कधीच वाचली नसती : आतील कार्डात गेम नसून केवळ त्याची किल्ली आहे आणि गेम इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागेल. तो गेम आपण परत ठेवायला सांगितला नाहीत. फक्त एवढेच म्हणालात, की तो भेटीच्या सकाळी उतरवायला घेऊ नका.

गेमच्या खोक्यावरील वयाच्या आकड्याचा खुलासाही मला नव्याने झाला. युरोपातील ‘पेगी’ या वयनिर्देशक पद्धतीचा ३, ७, १२, १६, १८ असा आकडा असो किंवा अमेरिकेतील तशाच ‘ईएसआरबी’चे अक्षर असो, ते गेममधील मजकूर कोणत्या वयाला योग्य आहे तेवढेच सांगते, गेम सोपा आहे की अवघड, याच्याशी त्याचा संबंध नसतो. ‘३’ लिहिलेला गेम तीन वर्षांच्या मुलाला खेळता येईलच असे नाही. मी आजवर तो आकडा खेळण्यांच्या खोक्यावरच्या आकड्यासारखाच वाचत आले होते.

बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आपण पेनाने चार ओळी लिहून दिल्यात. पहिली होती : ‘आधीच उघडा.’ वेष्टनात गुंडाळलेली भेट मुलांसमोर उघडण्यातली गंमत मला घालवायची नव्हती, पण आपण ठाम होता. नव्या यंत्राला पहिल्यांदा इंटरनेटला जोडून अपडेट करावे लागते, आणि सुट्टीच्या दिवशी जगभरातील मुले तेच करत असतात. २५ डिसेंबर २०१४ रोजी प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स या दोन्हींच्या ऑनलाइन सेवा सायबर हल्ल्यामुळे ठप्प झाल्या होत्या आणि कितीतरी घरांत नवी यंत्रे असूनही मुलांना ऑनलाइन खेळता आले नव्हते, हे आपण मला सांगितलेत. मी दोन रात्री आधी, मुले झोपल्यावर, खोका अलगद उघडला, यंत्र जोडले, अपडेट केले, दोन्ही गेम चालू करून पाहिले आणि सगळे पुन्हा होते तसे भरले. चिकटपट्टी थोडी वाकडी लागली. मुलांच्या ते लक्षातही आले नाही.

दुसरी ओळ मुलांची स्वतंत्र खाती पालकांच्या खात्याखाली उघडण्याविषयी होती आणि तिसरी बँकेच्या कार्डाविषयी : ‘क्रमांक साठवू नका.’ ही तिसरी ओळ मला त्या वेळी अति सावधपणाची वाटली होती. नंतर मी वाचले, की अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचे हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’ या ऑनलाइन गेमच्या कंपनीशी जी तडजोड जाहीर केली, तीत नकोशा खरेदीचे पैसे ग्राहकांना परत देण्यासाठी २४.५ कोटी डॉलर ठरले होते, आणि साठवलेल्या कार्डावरून पालकांच्या संमतीवाचून मुलांकडून होणारी खरेदी हा त्या तक्रारीचा एक भाग होता. म्हणजे अशी खरेदी होणे हा प्रत्येक वेळी मुलांचाच हूडपणा नसतो. आमच्या यंत्रात आजही कोणत्याही कार्डाचा क्रमांक नाही.

खेळण्याच्या वेळेबाबत आपण जे सांगितलेत ते कोणत्याही माहितीपुस्तिकेत मला सापडले नाही. फोनवरील पालक नियंत्रणाच्या ॲपमध्ये रोजची मर्यादा घालता येते. पण वेळ संपल्यावर पडद्यावर नुसती सूचना यावी की गेम थांबावा, हे वेगळे ठरवावे लागते. मी अर्थातच थांबवण्याचाच पर्याय निवडणार होते. आपण म्हणालात, “सुरुवातीला नको. शर्यत अर्ध्यावर तुटली की भांडण यंत्राशी राहत नाही, तुमच्याशी होते. मिनिटांऐवजी शर्यतींत मोजा.” आम्ही शर्यतींत मोजतो. ‘अजून पाच मिनिटे’ या वाक्याला आमच्या घरात कधीच अंत नसतो, पण ‘ही शेवटची शर्यत’ हे मुलांना मान्य होते, कारण शर्यतीचा शेवट त्यांनाही दिसतो. एखाद्या दिवशी शेवटच्या शर्यतीनंतर आणखी एक शेवटची शर्यत होते, हेही खरे. त्याचा दोष मी आपल्यावर टाकत नाही.

ऑनलाइन गप्पांच्या सोयीबाबत मात्र आपण जास्त सांगितले नाहीत, एवढेच म्हणालात की सोळा वर्षांखालील मुलांना त्यासाठी पालकांची परवानगी लागते आणि ती देण्याची घाई करू नका. आम्ही अजून दिलेली नाही. थोरला त्यावरून अधूनमधून कुरकुरतो.

एक गोष्ट आपण निघता निघता हसत सांगितली होती : स्विचची गेम-कार्डे मुद्दाम कडू केलेली असतात, लहान मुलांनी तोंडात घालू नयेत म्हणून. मी ते जेवताना घरी सांगण्याची चूक केली. दुसऱ्या दिवशी दोघांनीही कार्ड चाटून पाहिले, आणि खोटे कशाला बोलू, मुले शाळेत गेल्यावर मीही पाहिले. आपण अजिबात अतिशयोक्ती केली नव्हती.

आपल्या या सगळ्या मदतीत आपला काय फायदा होता, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दोन वस्तू कमी विकल्या गेल्या, रांग खोळंबली, आणि मागून कोणीतरी “लवकर आटपा” असेही म्हणाले, ते मी ऐकले होते. वस्तू संपत आली आहे या भीतीने आलेला ग्राहक फारसे विचारत नाही, समोर दिसेल ते उचलतो. २०२० च्या हंगामात नव्या कन्सोलांचा तुटवडा होता तेव्हा लोकांनी दलालांकडून वाटेल ती किंमत देऊन यंत्रे घेतली, ती याच भीतीपोटी. माझीही अवस्था तशीच होती. त्या भीतीचा उपयोग करून घेणे आपल्याला सर्वांत सोपे होते. आपण ती भीती शांतपणे उतरवलीत, हवा असलेला कन्सोल आतून आणून दाखवलात आणि बदलून घेण्याची शेवटची तारीख बिलावर गोल करून दिलीत. त्याबद्दल मी आपली मनापासून ऋणी आहे.

ते बिल अजून आमच्या फ्रिजच्या दारावर आहे. त्यावरची चौथी ओळ, ‘तुम्हीही खेळा’, मी बरेच दिवस टाळत होते. गेल्या रविवारी मुलांनी मला ओढून बसवले. चोवीस स्पर्धकांच्या शर्यतीत मी चोविसावी आले. गाडी एकदा पाण्यात, दोनदा भिंतीवर आणि काही काळ उलट्या दिशेनेही गेली. धाकटीसाठी आपण दाखवलेली ती सोय, गाडी रस्त्याबाहेर जाऊ न देणारी, आठवते का? थोरला हसून लोळत असताना धाकटीने माझ्या हातातला कंट्रोलर घेतला आणि मला न विचारता ती माझ्यासाठी चालू करून दिली.

आपली कृतज्ञ,
दोन मुलांची आई